चौथी वाघीण

वरच्या खोऱ्यातल्या वस्तीला पाणी हवं होतं आणि जमीन खणून पाणी काढणारी बोअरची गाडी खाली डेपोत तयार उभी होती. मधे जंगलातून जाणारा एकच रस्ता, त्या रस्त्यात चार नद्या आणि नद्यांवर चार पूल. पूल म्हणजे रेल्वेने मोडीत काढलेल्या मालगाडीच्या सपाट वाघिणी! चाकं काढून टाकलेली एकेक वाघीण दोन काठांवरच्या काँक्रीटच्या ओट्यांवर आडवी टाकायची, वर लाकडी फळ्या ठोकायच्या, की झाला पूल. काम स्वस्तात झालं होतं. पण त्यावरून नक्की किती वजन जाऊ शकतं हे कोणीच मोजलं नव्हतं. पाट्यांवर पाच टन लिहिलं होतं, तेही डोळे मिटून. बोअरची गाडी होती वीस टनांची.

म्हणून ही मोहीम निघाली. चार माणसं, एक ट्रक आणि ट्रकवर दोन मोठ्या, काळ्या, रिकाम्या टाक्या.

मोहिमेची प्रमुख होती पूल तपासणारी इंजिनिअर. दगडमातीत आणि लोखंडात रमलेली, कमी बोलणारी बाई. ट्रकवर तिचा धाकटा दीर. खात्याच्या ड्रायव्हरची ऐन वेळी पाठ धरली, तेव्हा तिनेच दिराला गळ घातली होती. बरोबर एक वेल्डर होता. काळा चष्मा कायम कपाळावर चढवलेला असायचा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणत. चौथी होती वस्तीवरच्या दवाखान्याची नर्स. औषधं न्यायला ती खाली आली होती आणि आता याच ट्रकने परत निघाली होती.

"घरी सांगितलं, जंगलात चार वाघिणी मोजायला चाललोय," ट्रक चढणीला लागला तसा दीर म्हणाला. "बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मग रेल्वेच्या वाघिणी म्हटल्यावर म्हणते कशी, त्यापेक्षा खऱ्या परवडल्या, त्यांच्यावर ट्रक तरी चढवायचा नसतो."

गॉगल हसला. इंजिनिअर हसली नाही. निघताना जाऊ दारात उभी होती आणि तिच्याकडे न बघता नवऱ्याच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत होती, ते तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

मोजणीची पद्धत तशी सोपी. वाघिणीच्या पोटाखाली मधोमध घड्याळासारखं काट्याचं यंत्र लावायचं. आधी रिकामा ट्रक पुलाच्या मध्यावर उभा करायचा. पूल किती वाकला ते काटा सांगतो. ट्रक मागे घेतला की काटा शून्यावर परत यायला हवा. मग नदीचं पाणी पंपाने टाक्यांत भरायचं, आधी अर्ध्या, नंतर पूर्ण, आणि दर खेपेला तेच करायचं. पूल वाकला तर हरकत नाही, लोखंड वाकतंच. पण वजन उतरल्यावर ते सरळ व्हायला हवं. नाही झालं, काटा शून्यावर आला नाही, तर तिथेच थांबायचं. या कामातला हा पहिला नियम, आणि तो तिने स्वतः कितीतरी नवशिक्यांना घोकून घेतला होता.

पहिली वाघीण गुणी निघाली. दुपारच्या आत मोजणी आटोपली. दुसरीने मात्र इंगा दाखवला. इंजिनिअर खालून तुळई तपासायला पाण्यात उतरली, हातोडीने एक ठोका मारला आणि वरून घोंघावत काहीतरी सुटलं. मधमाश्या! वाघिणीच्या पोटात हातभर पोळं होतं. तिने हातोडी टाकली आणि सरळ नदीत बुडी मारली. वर आली तेव्हा ओठ सुजलेले आणि एक डोळा बंद. नर्सबाईंनी तिला दगडावर बसवून एकेक काटा नखाने काढला.

"वहिनी, दादाने ओळखलं नाही तर मी साक्षीला येईन," दीर म्हणाला, आणि त्यानेच ओला पाला पेटवून धूर केला, माश्या उठवल्या, तिची हातोडीही शोधून आणली. संध्याकाळपर्यंत दुसरीची मोजणी झाली. काटा शून्यावर आला.

तिसरीच्या अलीकडे रस्ताच वाहून गेला होता. ओट्यापाशी पुरुषभर खड्डा. चौघांनी सकाळपासून दगड वाहिले, झाडाचे ओंडके आडवे टाकले, वर माती ओढली. हातांची सालं निघाली. दुपारी ट्रक त्या उतारावर चढला तेव्हा मागचं एक चाक हवेत होतं आणि दीर शांतपणे खिडकीतून मान बाहेर काढून विचारत होता, "जरा डावीकडे घेऊ का?" तिसरी वाघीणही पास झाली. पण दिवस गेला.

त्या संध्याकाळी चुलीपाशी नर्सबाई पहिल्यांदा सविस्तर बोलल्या. वस्तीचा जुना झरा आटत चालला होता आणि उरलेल्या पाण्यात गाळ यायचा. "पोरं एकामागून एक आजारी पडतात. मी निघाले तेव्हा दोघं सलाईनवर होती. मी बरी करते, घरी जातात, तेच पाणी पितात आणि परत येतात. बोअरवाल्याला दुसरीकडचं काम आहे, तो आणखी दोन दिवस थांबेल. उद्या चौथा पूल पास झाला तर परवा गाडी वर येईल ना?"

"पास झाला तर," इंजिनिअर म्हणाली.

"होईलच हो. तीन झालेत की."

इंजिनिअरने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

चौथी वाघीण दरीवर होती. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, त्यांच्या फटींतून लोंबणारे नेचे, आणि नदी इतकी खोल की तिचा आवाज वर येईपर्यंत नुसता श्वासासारखा उरायचा. सकाळचं ऊन अजून तळाला पोचलं नव्हतं. पलीकडच्या काठावरून वस्तीचा रस्ता वळत वळत डोंगरात शिरत होता. अलीकडच्या काठाला एक ओहोळ खळखळत दरीत पडत होता. पंपासाठी तेवढं पाणी पुरेसं होतं.

इथे नदीच्या तळातून यंत्राला आधार देणं शक्य नव्हतं. म्हणून पुलाखालून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तार ताणून बांधली, तिला यंत्र जोडलं आणि इंजिनिअर ओट्याशेजारच्या अरुंद कपारीत दुर्बीण घेऊन बसली. तिथून काटा दिसत होता. वाघिणीच्या मधल्या मुख्य तुळईवर वर्षानुवर्षांची माती थापली गेली होती. हात पोचला तेवढी तिने खरवडली, मध्यापर्यंत हात पोचत नव्हता.

रिकामा ट्रक गेला, आला. काटा शून्यावर.

टाक्या अर्ध्या भरल्या. ट्रक गेला, मध्यावर थांबला, मागे आला. काटा परत फिरला आणि शून्याच्या दोन रेघा अलीकडे थांबला.

ती बघत राहिली. डोळा पुसून पुन्हा दुर्बीण लावली. दोन रेघा. थोड्या वेळाने येईल म्हणून थांबली. काटा हलला नाही. तार सैलावली असेल, तिच्या मनात आलं. इतकी लांब तार, थोडी तरी सैलावणारच. तार सोडून पुन्हा ताणायची, सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे आजचा दिवस गेला. आणि पुन्हाही काटा इथेच थांबला तर?

वरून नर्सबाई ओणवल्या. "काय? ठीक आहे ना?"

"ठीक," ती म्हणाली.

एकच शब्द. त्यानंतर पंप सुरू झाला. टाक्या पूर्ण भरायला तासभर लागला आणि तो तासभर पंप धडधडत होता, दीर टायरांची हवा बघत होता, गॉगल झाडाखाली पडून शीळ घालत होता. कोणत्याही क्षणी वर जाऊन "थांबा" म्हणता आलं असतं. तिने तार बोटाने दाबून पाहिली. तार घट्ट होती. तरीही ती कपारीत बसून राहिली.

ट्रक निघाला. गोगलगायीसारखा, फळ्या करकरवत. पुढची चाकं मध्यावर आली. काटा खाली चालला. दिराने ट्रक थांबवला. ट्रक थांबला, पण काटा थांबला नाही!

"मागे घ्या!" ती ओरडली. "भावोजी, मागे!"

तिच्या ओरडण्याने दचकून त्याने ब्रेक आणखी दाबला, मग गिअर शोधला. तेवढ्यात दरीत बंदुकीसारखा बार उडाला. मधली तुळई फाटली. वाघीण हातभर खचली आणि डावीकडे कलली. फळ्या तुटून खाली गेल्या. ट्रकचं डावं मागचं चाक त्या भगदाडात बसलं. पुढच्या टाकीचे पट्टे तुटले, टाकी पुढे घसरली आणि केबिनच्या पाठीवर आदळली.

मग सगळं थांबलं. फक्त फळ्यांचे तुकडे दरीत आपटत गेल्याचा आवाज, एकापाठोपाठ एक.

"भावोजी!"

मग केबिनमधून आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "आहे मी. सीट पुढे आलीये. पाय अडकलाय, उजवा." जरा थांबून म्हणाला, "वहिनी, पाय दिसत नाहीये मला."

ती कपारीतून वर कशी आली हे तिला नंतर आठवलं नाही. पूल आता दोन कडेच्या तुळयांवर लटकत होता आणि त्यांवर बावीस टन होते. त्यांतले पंधरा नुसतं पाणी.

"पाणी सोडायचं," ती म्हणाली. "बाकी काही नाही. आधी पाणी."

"मी जातो," गॉगल म्हणाला.

"तुम्ही दुप्पट वजनाचे आहात. मी जाते."

कमरेला दोर बांधून ती पोटावर पुलावर सरकली. दोराचं दुसरं टोक झाडाला गुंडाळून नर्सबाई आणि गॉगल धरून बसले. फळ्या उताराला लागल्या होत्या. फटींतून खाली नदी दिसत होती. तिने बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पुढे सरकली. मागच्या टाकीचा नळ सापडला. दोन्ही हातांनी फिरवला. पाणी उसळून बाहेर पडलं, फळ्यांवरून वाहत तिच्या तोंडावर, गळ्यात, आणि धबधब्यासारखं दरीत.

पुढच्या टाकीचा नळ केबिनखाली चेपला होता. तिथे हात जात नव्हता.

"कुऱ्हाड!" ती ओरडली. गॉगलने कुऱ्हाड दोराला बांधून सरकवली. तिने गुडघ्यांवर बसून घाव घातला. काळं जाड प्लास्टिक, घाव उसळून आला. पूल हादरला. खालून लोखंड कण्हल्यासारखं वाजलं.

"काय करताय?" केबिनमधून दीर.

"टाकी फोडतेय. हलू नका."

"हलायची सोय ठेवलीये कुठे?"

दुसरा घाव. तिसरा. चौथ्याला टाकीला भेग पडली आणि पाणी पात्यासारखं बाहेर आलं. ती त्या भेगेवर घाव घालतच राहिली. हातातून रक्त आलं तेही तिला कळलं नाही. हळूहळू पाण्याचा जोर कमी झाला, आणि त्याबरोबर एक विलक्षण गोष्ट झाली. वाघीण उचलली गेली. बोटभर, दोन बोटं. कडेच्या तुळया अजून जिवंत होत्या!

मग गॉगल आला, जॅक घेऊन, एकेक फळी चाचपत. त्याने ट्रकच्या पुढची तारदोरी पलीकडच्या काठावरच्या खडकाला नेऊन अडकवली, ट्रक घसरू नये म्हणून. जॅकने टाकी मागे रेटली, सीटचे बोल्ट कापले. दीर बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. त्याने तो एकदाच पाहिला आणि नंतर आकाशाकडेच पाहत राहिला.

नर्सबाईंनी काठावर ताडपत्रीवर त्याला झोपवलं, इंजेक्शन दिलं, दोन फळ्यांमधे पाय बांधला. त्यांचे हात स्थिर होते, पण ओठ हलत होते. "मीच घाई केली," त्या पुटपुटत होत्या. "काल रात्री उगाच पोरांचं काढलं मी."

इंजिनिअर ऐकत होती.

बार वस्तीपर्यंत ऐकू गेला होता. तासाभरात पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली आणि कडेची तुळई धरून एकेक जण अलीकडे आला. वस्तीचे कारभारी आले, साठीचे, दमलेले. एका पोरसवद्या गड्याला त्यांनी लगेच परत वर पिटाळलं. दवाखान्यामागच्या उंच खडकावर उभं राहिलं तरच फोन लागायचा, तिथून ॲम्ब्युलन्स बोलवायला. मग त्यांनी दिराशेजारी बसून विचारलं, "कसं झालं हे?"

"माझंच चुकलं," दीर म्हणाला. इंजेक्शनने त्याची जीभ जड झाली होती. "ब्रेक जोरात लागला. भरलेला ट्रक, असा गचकन थांबवायचा नसतो. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, आणि ऐन वेळी…" त्याने वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, दादाला जरा बेताने सांगा."

कारभारी बराच वेळ पुलाकडे बघत होते. मग गॉगलला म्हणाले, "हे सांधता येतं का?"

"तुळईला पट्टी मारता येईल," गॉगल मान खाजवत म्हणाला. "उद्याच्या दिवसात होईल."

"म्हणजे पूल वाईट नव्हता. ब्रेकमुळे गेला." कारभाऱ्यांच्या आवाजात आशा आली. "पट्टी मारून घेऊ. बोअरची गाडी हळू आणू, मधे थांबायचंच नाही. बाई, तुम्ही काय म्हणता? तुमच्या शब्दावर आहे."

सगळे तिच्याकडे वळले. मान हलवायची, इतकंच करायचं होतं. किंवा तेही नको, गप्प बसलं तरी चाललं असतं. "माझंच चुकलं" म्हणून एक जण तिथे फळ्यांमधे पाय बांधून पडला होता, आणि सगळ्यांना ते पटलं होतं. बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर कोण असेल, तिच्या मनात आलं. त्यालाही कोणीतरी घरी असेल.

"ब्रेकमुळे नाही गेला," ती म्हणाली.

तिने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "ब्रेकमुळे नाही. तुळई आधीच गेली होती. अर्ध्या टाक्यांची खेप झाली तेव्हा काटा शून्यावर परत आला नाही. दोन रेघा कमी होत्या. मी पाहिलं होतं."

"म्हणजे?" कारभारी म्हणाले.

"म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. तार सैल झाली असेल असं मी स्वतःला सांगितलं. नंतर तार दाबून पाहिली, ती घट्ट होती. तरी बोलले नाही. तासभर वेळ होता माझ्याकडे."

गॉगलने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. नर्सबाईंचं पुटपुटणं थांबलं.

"तुम्ही ठीक म्हणाला होतात," नर्सबाई म्हणाल्या.

"हो."

ती दिराकडे पाहू शकत नव्हती, पण पाहिलं. तो आकाशाकडेच बघत होता. त्याचा जबडा घट्ट आवळला गेला होता, आणि ते दुखण्यामुळे होतं की आणखी कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता. तो एक शब्द बोलला नाही.

कारभारी उठून दरीच्या कडेपर्यंत गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "मग आम्हाला पाणी नाही," ते शेवटी म्हणाले. त्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकणं कठीण होतं.

"गाडी या पुलावरून जाणार नाही. पट्टी मारली तरी नाही, ती मी जाऊ देणार नाही." ती थांबली. समोर ओहोळ दरीत कोसळत होता, बारा महिने वाहणारा, त्याच्या वरच्या अंगाला हिरवीगार ओली जमीन. "पण तिसऱ्या पुलावरून इथवर येईल. ओहोळाचं उघडं पाणी पिण्याजोगं नाही, पण तो वाहतोय तर जमिनीतही पाणी असेल. बोअर या काठावर घेऊ. ट्रक ओढून काढला की पाइप पुलावरून पलीकडे नेता येईल. पाइप आणि पायी माणसं, एवढं या कडेच्या तुळया पेलतील. हे मी मोजून देईन. तुमच्यातला कोणीही माझ्या शेजारी बसून काटा बघू दे."

"इथून वस्ती उंचावर आहे," कारभारी वळून म्हणाले. "पाणी चढेल कसं?"

"पंप लागेल, मोठा. आणि पाइप बराच लागेल."

"आणि पाणी लागेल याची खात्री?"

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही."

कारभाऱ्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मान हलवली.

दोन बांबू आणि ताडपत्रीची डोली करून वस्तीची माणसं दिराला खाली घेऊन निघाली. आळीपाळीने खांदे बदलत, दगडधोंड्यांतून, आडव्या पडलेल्या झाडांवरून. एका खांद्यावर इंजिनिअर होती. कोणी बदलायला आलं की ती मान हलवून नको म्हणायची. पुढे चालणाऱ्या गॉगलने मागे वळून दोनदा पाहिलं, मग तिच्यापुढचा बांबू मुकाट्याने स्वतः घेतला. डोली हिंदकळली की दिराच्या तोंडून हुंकार निघायचा आणि तो तिच्या कानाशीच यायचा.

दिवस मावळायच्या बेताला ते तिसरा पूल ओलांडून खाली उतरले. ॲम्ब्युलन्स तिथल्या कच्च्या भरावावर न चढता खालीच उभी होती. दिराला आत चढवताना तो पहिल्यांदा किंचाळला. गाडी निघाली, आणि दुसऱ्या पुलापाशी येऊन ड्रायव्हरने ती थांबवली. गॉगलने वाटेत त्याला सगळी हकीकत सांगितली होती.

"येताना मला माहीत नव्हतं," ड्रायव्हर म्हणाला. "बावीस टन घालून तुम्ही हे पूल मोजलेत, आणि एक मोडला. मग हा कशावरून धड? पेशंटला उतरवू, चालत नेऊ. मी गाडी रिकामी नेतो."

"पुन्हा उतरवायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "हाड आत सरकलं तर पाय जाईल."

मग स्ट्रेचरवरून दीर बोलला. त्या दुपारनंतरचे त्याचे पहिले शब्द.

"याचा काटा, वहिनी?"

"शून्यावर आला होता."

"नर्सबाईंनाही ठीक म्हणाला होतात."

"हो," ती म्हणाली. "ते खोटं होतं. हे खरं आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. अंधुक उजेडात त्याचा चेहरा घामाने चकाकत होता. ती खाली उतरली, विजेरी घेतली आणि नदीत शिरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं. वाघिणीच्या पोटाखाली जाऊन तिने तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, हाताने चाचपली, प्रत्येक सांध्यावर उजेड धरला. उठवलेल्या मधमाश्यांतल्या काही परत येऊन लोखंडाला चिकटल्या होत्या. एक चावली. तिने हात काढला नाही. भेग नव्हती. गंज होता, पण वरवरचा. परवा तिने जे पाहिलं होतं तेच आजही होतं.

ती मध्यावर, तुळईच्या बरोबर खाली उभी राहिली आणि एक तळवा लोखंडाला लावून ओरडली, "घ्या गाडी!"

"बाई, बाजूला व्हा आधी," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"मी इथेच आहे. घ्या."

वर कुजबुज झाली. मग दिराचा आवाज, थकलेला, "चला हो. चला."

चाकं फळ्यांवर चढली. माती तिच्या डोक्यावर पडली. डोक्यावरून वजन गेलं, आणि तळव्याखाली लोखंड किंचित वाकलं आणि परत सरळ झालं. ती पाण्यात उभीच राहिली. गॉगलने काठावरून हात पुढे केला तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

पाय वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. पुन्हा ट्रक चालवता येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हॉस्पिटलच्या बाकावर तिने जावेला सगळं सांगितलं, दोन रेघांपासून. जाऊ हातातल्या ओढणीला पीळ घालत ऐकत होती.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"त्यांच्याकडून कळलं असतं."

"ते नसते बोलले." जावेने पीळ सोडला. "ताई, मला आत्ता तुमच्याशी बोलवत नाही. पण उठून जाऊ नका. डॉक्टरांचं इंग्रजी मला कळत नाही."

ती उठली नाही. दोघी संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसल्या.

खात्यात जे झालं ते तिने लेखी दिलं आणि पुलांवर सही करण्याचा तिचा अधिकार वर्षभरासाठी गेला. बोअरवाल्याला कारभाऱ्यांनी कसंबसं थांबवलं. तिसऱ्या पुलावरून त्याची गाडी गेली तेव्हा दुसऱ्या इंजिनिअरने पुन्हा काटा लावला होता, आणि तो शून्यावर परत आला. ओहोळाच्या वरच्या अंगाला पहिलं भोक कोरडं गेलं. दुसऱ्याला पाणी लागलं. पाइप जोडून, पंप बसवून ते वस्तीपर्यंत चढायला महिना गेला.

त्या दिवशी ती दिराच्या घरी होती. रोज संध्याकाळी त्याला अंगणात चालवायचं काम तिने मागून घेतलं होतं. तो चालायचा, ती काठीच्या बाजूने चालायची, आणि दोघं हवापाण्यापलीकडे फारसं बोलायची नाहीत. फोन वाजला. नर्सबाई होत्या, खडकावरून.

"चढलं पाणी," त्या म्हणाल्या. "थांबा, फोन घेऊन खडकाखालच्याच नळापाशी जाते. तुटला तर परत करते."

तिने काही न बोलता फोन दिराच्या कानाला लावला. तो काठीवर रेलून ऐकत उभा राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"खारट नाही ना, विचारा," तो म्हणाला, आणि मग स्वतःच विचारलं, आणि उत्तर ऐकून हसला. थोडा वेळ तसाच ऐकत राहिला. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही ऐका."

"माझा हात भरून आलाय," तो म्हणाला. "धरा."

तिने फोन कानाला लावला. खरखरीतून, फार लांबून, बादलीत पाणी पडत होतं.